फौजीचा हक्क एकट्याचा, वगळणूक सगळ्या घराची

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. खरीप ज्वारीची कणसे खुडून झाली होती, कपाशीची दुसरी वेचणी आटोपत आली होती. आमच्या भागातल्या एका निवृत्त नाईकाच्या घरात सून आजारी पडली. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. जिल्ह्याच्या गावी तपासणी झाली. हृदयाची एक झडप निकामी झालेली, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. घरात माणसे सहा. सतरा वर्षे पलटणीत काढून १९८९ साली परत आलेले आबा आणि त्यांची बायको, शेती पाहणारा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. जमीन सात एकर, सगळी कोरडवाहू.

दवाखान्याच्या खिडकीवर कारकुनाने विचारले, "आबा, तुम्ही फौजेतले ना? मग फौजेचे कार्ड काढा की." आबांनी मोठ्या विश्वासाने कार्ड काढले. त्यावर आबा होते, आबांची बायको होती. सून नव्हती. मग मुलाने रेशनकार्ड पुढे केले. कार्ड पांढरे. कारकून म्हणाला, "पांढऱ्या कार्डावर काही होत नाही. शिवाय तुमच्या घरात पेन्शन आहे."

चांगला भाव येईपर्यंत ठेवायचा म्हणून घरात रचलेला कापूस दुसऱ्या दिवशी खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर गेला. बैलजोडी गेली. उरलेली रक्कम गावातल्या सावकाराने दिली. ऑपरेशन झाले, सून वाचली. ही गोष्ट मी ऐकली तेव्हा सगळे होऊन गेले होते.

भावांनो आणि मायबहिणींनो, या गोष्टीतला चीड आणणारा भाग पुढेच आहे. कारकुनाने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. ज्या दिवशी कापूस काट्यावर गेला त्या दिवशी पांढऱ्या कार्डावरच्या त्या सुनेला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचा हक्क होता. कारकून खोटे बोलला असे मी म्हणत नाही. बारा-पंधरा वर्षांत योजनांची नावे, अटी आणि कार्डांचे रंग इतक्या वेळा बदलले की खिडकीच्या आत बसलेल्यालाही नियम माहीत नाही आणि बाहेर उभ्या असलेल्यालाही नाही. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात गावोगाव फौजी आहेत. शेतीत भागत नाही म्हणूनच आपली पोरे भरतीला जातात. म्हणून या अंकात हा गुंता एकदा नीट सोडवून पाहू.

फौजीला काय मिळते

माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारची अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे ईसीएचएस म्हणतात. पेन्शन घेणारा माजी सैनिक, त्याची बायको आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांना ती लागू आहे. एकदाच वर्गणी भरायची. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दराने शिपायापासून हवालदारापर्यंत ही वर्गणी ३०,००० रुपये आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या भगिनींना ती माफ आहे. आबांना म्हणूनच काही भरावे लागले नाही.

योजना चांगली आहे. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी होते, रोजची औषधे मिळतात, मोठे दुखणे असेल तर तिथले डॉक्टर चिठ्ठी देऊन लष्करी किंवा यादीवरच्या खासगी रुग्णालयात पाठवतात. उपचाराला रुपयांची कमाल मर्यादा नाही. जिवावरचा प्रसंग असेल तर चिठ्ठीशिवाय थेट यादीवरच्या रुग्णालयात जाता येते. अडचणी आहेत त्या वेगळ्या. पॉलिक्लिनिक तालुक्या-तालुक्याला नाही, एसटीने जायचे तर दिवस मोडतो. बिले वेळेवर मिळत नाहीत, ही यादीवरच्या रुग्णालयांची जुनी तक्रार आहे.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते "अवलंबून असलेली माणसे" या शब्दांचा अर्थ. मुलगा २५ वर्षांचा झाला, कमावू लागला किंवा त्याचे लग्न झाले, यांतले जे आधी होईल तेव्हा तो या कार्डावरून उतरतो. मुलगी लग्न झाले किंवा कमावू लागली की उतरते. आईबाप सैनिकाजवळ राहत असतील आणि त्यांचे महिन्याचे उत्पन्न ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता यांच्या आत असेल तर ते धरले जातात. सून आणि नातवंडे यांत कुठेच नाहीत. म्हणजे आबांच्या सहा माणसांच्या घरात हे कार्ड दोघांचे. शेती कसणारी आणि कापूस वेचणारी माणसे त्या कार्डाच्या बाहेरच आहेत.

गावाला काय मिळते

आता दुसरी बाजू. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सगळ्या राज्यात आली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि ते पिवळ्या व केशरी कार्डवाल्यांना होते. पांढऱ्या कार्डाला दार बंद होते. अपवाद एकच. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत, जिथे आत्महत्या झाल्या तिथे, सातबारा दाखवणाऱ्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही आत घेतले होते.

केंद्राची आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. पण यादी धरली २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची. त्या गणनेत काही घरे सुरुवातीलाच चाळून बाहेर काढली होती. घरात मोटारसायकल असली तर बाहेर. फ्रीज असला तर बाहेर. घरातला एक जण महिना १०,००० च्या वर कमावत असला तर बाहेर. आणि किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५०,००० किंवा जास्त असली तरीही बाहेर. कर्ज मिळते म्हणजे तो श्रीमंत, असा हा हिशेब.

मग २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने राज्याने आपली योजना रुंद केली आणि १ जुलै २०२४ पासून ती अमलात आली. आता पिवळे, केशरी, पांढरे असा भेद उरला नाही. रेशनकार्ड आणि राज्यातला रहिवास हा आधार, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आणि २०२४ मध्ये यादीत १,३५६ उपचार होते. आबांच्या सुनेचा हक्क होता तो हाच. चौदा जिल्ह्यांतला शेतकरी म्हणून पाहिले तर २०२४ च्या आधीही दीड लाखापर्यंतचा हक्क त्या घराला होता. वर्षानुवर्षे कोणी सांगितले नाही.

पांढरे कार्ड आले कुठून

आबांचे कार्ड पांढरे का, हे पाहण्यासारखे आहे. तिरंगी रेशनकार्डांची पद्धत १९९९ ची. वर्षाला १५,००० पर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, तिथून एक लाखापर्यंत केशरी आणि एक लाखाच्या वर पांढरे. आता फौजेची कमीत कमी पेन्शन पाहा. २०१६ पासून केंद्राच्या पेन्शनचा तळ महिना ९,००० रुपये आहे. बारा महिन्यांचे १,०८,००० होतात. महागाई भत्ता धरलेलाच नाही, शेतीचा एक रुपया धरलेला नाही. म्हणजे सगळ्यात तळाची पेन्शन घेणारा शिपाईसुद्धा १९९९ च्या फूटपट्टीने "सधन" ठरतो. त्याच्या कार्डावर नाव असलेला मुलगा, सून आणि नातवंडे सगळी सधन ठरतात. कपाशीला बोंडअळी लागली, पाऊस ऐन पात्या-फुलांच्या वेळी गेला, तरी कागदावर ते घर सधनच.

मी शेतीशास्त्र शिकलो. मातीचा नमुना कसा घ्यावा हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. शेतातल्या आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, मिसळायची, मग तपासायची. उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही, कारण ती घेतली तर अख्खे शेत सुपीक दिसते. सरकार घराघरांचा नमुना नेमका उकिरड्याजवळ घेते. घरातली एक पेन्शन पाहते आणि सहा माणसांचा निकाल लावते.

मुख्य चूक इथे आहे. हक्क देताना सरकार माणूस मोजते आणि हक्क काढून घेताना घर मोजते. आरोग्याचे कार्ड देताना म्हणते, लग्न झालेला मुलगा तुमच्यात येत नाही. गरिबाच्या यादीतून नाव काढताना म्हणते, बापाला पेन्शन आहे ना, मग मुलगाही त्यातच आला. एकाच घराला दोन मापे लावायची आणि दोन्ही वेळा माप सरकारच्या बाजूला झुकवायचे. व्यापाऱ्याचा काटा आपण पकडतो. हा काटाही पकडला पाहिजे.

दुसरीकडे काय करतात

हा गुंता फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतही माजी सैनिकांसाठी सरकारची वेगळी आरोग्यव्यवस्था आहे, आणि २०१० च्या कायद्याने २०१४ पासून सामान्य माणसाला विम्याचा हप्ता भरायला सरकारी सवलत मिळू लागली. दोन्ही एकाच माणसाला कसे द्यायचे, हा प्रश्न तिथेही उभा राहिला. नियम असा ठरला की जो माजी सैनिक सैनिकी आरोग्यसेवेत नाव नोंदवतो, त्याला स्वतःसाठी हप्त्याची सवलत नाही. नुसती पात्रता असून त्याने नाव नोंदवले नसेल तर सवलतीला आडकाठी नाही. आणि मुद्द्याची गोष्ट अशी की त्याच्या नोंदणीमुळे बायकामुलांची सवलत जात नाही. त्यांना दुसरे संरक्षण नसेल आणि घराचे उत्पन्न अटीत बसत असेल तर त्यांचा हक्क त्यांच्यापाशी राहतो.

अमेरिकेची पद्धत उचलून आणा असे कोणी म्हणत नाही. तिथला दवाखाना किती महाग आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण एवढे तर दिसते की एका माणसाला सरकारने एक सोय दिली म्हणून त्याच्या सगळ्या घराची दुसरी सोय काढून घेतलीच पाहिजे, असा काही निसर्गाचा नियम नाही. तो कारकुनी सोयीचा नियम आहे आणि बदलता येतो. राज्याने पांढऱ्या कार्डाचे दार उघडून तो थोडा बदललाही. आता तो बदल खिडकीपर्यंत पोचवायचा आहे.

सत्तरीनंतरची निवड

आता नवा प्रश्न आला आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, पाच लाखांचे संरक्षण सुरू झाले. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. आबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना हे मिळते का?

मिळते, पण एक गाठ आहे. ज्यांना ईसीएचएससारखी केंद्राची दुसरी आरोग्य योजना आहे त्यांनी दोन्हींपैकी एक निवडायची आहे, आणि ही निवड एकदाच करायची आहे. गावात शिबिर लागते, पोरे मोबाईलवर आधार घेतात, अंगठा घेतात. "आबा, नवीन कार्ड आले, काढून टाका" असे कोणीतरी म्हणते. फुकट मिळते म्हणून माणूस अंगठा देतो. भावांनो, अंगठा देण्याआधी हिशेब करा.

वय वंदना कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारासाठी आहे. भरतीआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस त्यात येतात. रक्तदाबाची, साखरेची दर महिन्याची गोळी त्यात नाही. साधी तपासणी नाही. आणि पाच लाख हे घरातल्या सत्तरीवरच्या सगळ्यांत मिळून आहेत. ईसीएचएसमध्ये महिन्याची औषधे आहेत, बाहेरची तपासणी आहे आणि रकमेला मर्यादा नाही. म्हाताऱ्या माणसाचा बहुतेक खर्च ऑपरेशनचा नसतो, गोळ्यांचा असतो.

उलट बाजूही आहे. पॉलिक्लिनिक ऐंशी किलोमीटरवर असेल, आबांना एसटीत चढणे होत नसेल, महिन्याची औषधे आजही स्वतःच्या पैशानेच घ्यावी लागत असतील, आणि तालुक्यातले रुग्णालय आयुष्मानच्या यादीवर असेल, तर काही घरांना नवे कार्ड सोयीचे ठरू शकते. म्हणून माझे म्हणणे सरसकट हो किंवा नाही असे नाही. तीन गोष्टी कागदावर लिहा. गेल्या वर्षी पॉलिक्लिनिकमधून किती रुपयांची औषधे आली? पॉलिक्लिनिक किती लांब, आणि आयुष्मानचे रुग्णालय किती लांब? घरात सत्तरीवरची माणसे किती? हे तीन आकडे समोर ठेवून निर्णय घ्या. ज्याचे ईसीएचएसचे कार्ड चालू आहे आणि औषधे मिळत आहेत, त्याने घाईने ते सोडू नये, असे मला वाटते.

आणि एक लक्षात ठेवा. ही निवड सत्तरीवरच्या माणसाची आहे. मुलगा, सून आणि नातवंडे यांचा रेशनकार्डावरचा हक्क वेगळा आहे. "आबांचे फौजेचे कार्ड आहे म्हणून तुमचे होत नाही" असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका.

ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत

फौजेतून आलेला प्रत्येक जण पेन्शनवाला नसतो. जवानाला पेन्शन लागायला पंधरा वर्षे भरावी लागतात. त्याआधी पेन्शनविना घरी आलेल्या शिपायाला ईसीएचएस नाही. तो गावात "फौजी" म्हणून ओळखला जातो, खिडकीवर त्यालाही "फौजेचे कार्ड काढा" असे सांगतात आणि त्याच्याकडे काढायला काही नसते.

आता या रांगेत आपली तरुण पोरे येणार आहेत. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी. त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे घेणार, बाकीचे घरी. जाताना सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही, हे भरतीच्या अटींतच लिहिले आहे. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या, त्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी ही पोरे आपल्याच घरातली आहेत. चार वर्षे बर्फात आणि वाळवंटात काढून ती परत येतील तेव्हा गुडघा, पाठ, कान यांची दुखणी सोबत आणतील. त्यांना आधार फक्त गावच्या रेशनकार्डाचा. त्यांच्या बाबतीत तरी "तू फौजी ना?" असे म्हणून कोणी खिडकीवरून परत पाठवू नये, याची व्यवस्था आजच केली पाहिजे.

काय मागायचे, काय करायचे

या जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांचा ठराव मांडायचा आहे.

एक, आरोग्याचा हक्क माणसागणिक मोजा. घरातल्या एकाला एखाद्या योजनेचे संरक्षण असेल तर तो एकटा बाजूला काढा, घर नव्हे.

दोन, सत्तरीवरच्या माजी सैनिकाकडून निवड घेताना दोन्ही योजनांची तुलना मराठीत लिहून द्या, आणि निवड बदलायची एक संधी ठेवा. शिबिरात घेतलेला अंगठा म्हणजे विचार करून केलेली निवड नव्हे.

तीन, १९९९ ची उत्पन्न मर्यादा रद्द करून आजच्या भावाने नवी ठरवा. धान्याचा हक्क अजूनही कार्डाच्या रंगावर अडतो.

चार, चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीराचे आरोग्यकार्ड त्याच्या सुटकेच्या कागदांबरोबरच तयार करून द्या.

पाच, यादीवरच्या प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात मोठ्या अक्षरात लावा: पिवळे, केशरी, पांढरे, सर्व कार्डे चालतात.

ठराव होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या हातातले काम आहे. घरातल्या प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवा. रेशनकार्डावर सुनेचे आणि नातवंडांचे नाव चढले आहे का ते आजच पाहा. पुष्कळ घरांत सून माहेरच्या कार्डावर असते किंवा कुठेच नसते. रुग्णालयात गेल्यावर पैशाच्या खिडकीआधी आरोग्यमित्राला गाठा, यादीवरच्या प्रत्येक रुग्णालयात तो असतो. नसेल तर राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ हे क्रमांक आहेत. "होत नाही" असे कोणी म्हटले तर ते लिहून मागा. तोंडी नकार देणारा लेखी नकार द्यायला कचरतो, हा आपला तलाठ्यापासूनचा अनुभव आहे.

बैठकीला येताना गावातल्या फौजी बांधवांना बरोबर आणा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, ईसीएचएसचे कार्ड आणि रेशनकार्ड, चारही पिशवीत घ्या. जेवणाच्या सुट्टीनंतर एका टेबलावर बसून एकेका घराचा कागद पाहू. आबा येणार आहेत. आपल्या घराचे गेलेले परत येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. पण दुसऱ्याचा कापूस आणि दुसऱ्याचे बैल त्या कारणाने जाऊ नयेत, म्हणून त्यांनी स्वतः टेबलावर बसायचे कबूल केले आहे.